विश्लेषण : ‘ताज’ उभारणाऱ्या जमशेटजी टाटांचे जपानशी नाते काय होते?

जपानची सहल, तातामी चटईच्या खोलीत मुक्काम, गरम पाण्याच्या झऱ्यातले स्नान आणि हंगामानुसार वाढलेले जेवण... उच्चभ्रू पर्यटनाच्या जाहिरातींत हे चित्र आता सवयीचे झाले आहे. मुंबई आणि जपान यांच्यातील थेट जहाजवाहतूक मात्र पर्यटकांमुळे सुरू झाली नाही. ती कापसाच्या गाठींमुळे सुरू झाली आणि त्यामागे जमशेटजी नसरवानजी टाटा होते. पोलाद, जलविद्युत आणि विज्ञान संस्था यांच्या संदर्भात त्यांचे नाव नेहमी घेतले जाते. १८९३ मधील त्यांचा जपान दौरा, त्यानंतरची जहाजांची लढाई आणि दहा वर्षांनी उघडलेले ताजमहाल हॉटेल यांची एकत्रित गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

रायगडच्या किनाऱ्याशी याचा काय संबंध?

गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याची बोट सुटली की मागे वळून पाहणाऱ्याच्या नजरेत ताजचा घुमट बराच वेळ राहतो. ताजच्या समुद्राकडील खिडक्यांतून उलट बाजूचे दृश्य दिसते. हवा स्वच्छ असेल तर घारापुरीचे बेट आणि त्यापलीकडे उरणच्या बाजूचे डोंगर नजरेस पडतात. घारापुरी हे उरण तालुक्यातले, म्हणजे रायगड जिल्ह्यातले. जमशेटजींच्या काळात हा कुलाबा जिल्हा होता. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले.

मुंबई बंदराचे पाणी एकीकडे शहराला, तर दुसरीकडे या किनाऱ्याला लागते. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजांना बंदरात शिरण्याआधी थळसमोरच्या खांदेरी बेटावरचा दीपस्तंभ खुणावतो. तो १८६७ पासून उभा आहे. जपानहून मुंबईसाठी निघालेली वाफेची जहाजेही याच वाटेने आत येत.

जमशेटजी व्यापारात कसे आले?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील नवसारी येथे झाला. घराणे पारशी धर्मगुरूंचे. वडील नसरवानजी यांनी पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार सुरू केला. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास जमशेटजी वडिलांकडे मुंबईला आले. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ मध्ये शिक्षण पूर्ण करून ते वडिलांच्या पेढीत दाखल झाले.

लगेच पुढच्या वर्षी, १८५९ मध्ये, त्यांना हाँगकाँगला पाठवण्यात आले. तेथे त्यांनी पेढीची शाखा उभी केली. मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या मालात तेव्हा कापसाबरोबर अफूही असे आणि त्या काळच्या इतर अनेक मुंबईकर पेढ्यांप्रमाणे टाटांच्या पेढीनेही हा व्यापार केला. पुढच्या काळातील दानशूर उद्योगपतीच्या प्रतिमेत ही बाब सहसा झाकली जाते. पूर्वेकडच्या बंदरांची, तिथल्या बाजारांची आणि जहाजभाड्याच्या हिशेबांची त्यांची ओळख मात्र याच वर्षांत झाली.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत शेअरचा ज्वर पसरला. युद्ध संपताच भाव कोसळले व अनेक पेढ्या बुडाल्या. टाटांची पेढीही सापडली. जमशेटजी त्या वेळी लंडनमध्ये होते. देणेकऱ्यांपासून तोंड लपवण्याऐवजी ते त्यांच्यासमोर उभे राहिले. त्यांचा प्रामाणिकपणा पाहून पेढीचा व्यवहार मिटवण्याचे काम देणेकऱ्यांनी त्यांच्याकडेच सोपवले. परतल्यावर १८६८ मध्ये २१ हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची पेढी सुरू केली. आजच्या टाटा समूहाची सुरुवात याच वर्षापासून मोजली जाते.

कापड गिरण्यांतून जपानपर्यंत कसे पोहोचले?

चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी विकत घेऊन त्यांनी तिचे सूतगिरणीत रूपांतर केले आणि नफ्यात विकली. मग लँकेशायरला जाऊन धंदा बारकाईने पाहिला. सगळे गिरणीमालक मुंबईत गर्दी करत असताना त्यांनी नागपूर निवडले. कापूस जवळ, कोळसा जवळ आणि रेल्वे दाराशी, असा साधा हिशेब होता. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी, ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची एक डबघाईला आलेली गिरणी घेतली आणि तिचे नाव ‘स्वदेशी’ ठेवले.

मुंबईच्या सुताची मोठी बाजारपेठ त्या काळी चीन आणि जपान ही होती. मात्र जपानचे चित्र झपाट्याने बदलत होते. १८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर त्या देशाने गिरण्या, रेल्वे, बँका आणि जहाज कंपन्या उभारण्याचा धडाका लावला. १८८० च्या दशकात ओसाकात वाफेवर चालणारी मोठी सूतगिरणी सुरू झाली आणि तिच्यामागोमाग इतर गिरण्या आल्या. भारतीय सूत विकत घेणारा जपान आता भारतीय कापूस मागू लागला.

हा कापूस नेणार कोण, हा खरा प्रश्न होता. मुंबई ते पूर्वेकडची वाहतूक ब्रिटिश पी अँड ओ ही बलाढ्य कंपनी आणि तिच्याशी संगनमत असलेल्या ऑस्ट्रियन व इटालियन कंपन्यांच्या हाती होती. भाडे त्या ठरवत. एका टनामागे १७ ते १९ रुपयांपर्यंत दर जाई. काही बड्या व्यापाऱ्यांना गुपचूप सूट मिळे, बाकीच्यांना पूर्ण दर भरावा लागे. गिरणी स्वतःची, माल स्वतःचा, गिऱ्हाईकही तयार. पण मधला समुद्र दुसऱ्याचा, अशी ही अवस्था होती.

१८९३ च्या दौऱ्यात काय घडले?

५४ वर्षांचे जमशेटजी १८९३ मध्ये जपानला गेले. त्यांचे मामेभाऊ आणि भागीदार रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे जे. आर. डी. टाटा यांचे वडील, यांनी आधीच तिथल्या व्यापाऱ्यांशी संबंध जोडले होते. जमशेटजींना आता ‘निप्पॉन युसेन काइशा’ या १८८५ मध्ये स्थापन झालेल्या जपानी जहाज कंपनीला मुंबईच्या मार्गावर उतरवायचे होते.

जपानी बाजू सावध होती. ही कंपनी तोवर जवळच्याच समुद्रात जहाजे चालवत होती. मुंबईचा मार्ग तिच्यासाठी पहिलाच दूरचा मार्ग ठरणार होता. शिवाय समोर पी अँड ओ होती. शेवटी धोका वाटून घेण्याचे ठरले. जपानी कंपनी जहाजे चालवेल, पण टाटांनीही स्वतःची जहाजे त्याच मार्गावर उतरवावीत. जपानच्या सूतगिरण्यांच्या संघटनेने आपला कापूस याच जहाजांतून आणण्याची हमी दिली. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी ‘हिरोशिमा मारू’ हे जहाज कोबे बंदरातून मुंबईसाठी निघाले आणि नियमित सेवेला सुरुवात झाली.

याच दौऱ्यातला एक योगायोग प्रसिद्ध आहे. जुलै १८९३ मध्ये योकोहामाहून व्हँकुव्हरला निघालेल्या ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या जहाजावर जमशेटजींचे सहप्रवासी होते ३० वर्षांचे स्वामी विवेकानंद. दोघेही शिकागोच्या वाटेवर होते. एक सर्वधर्म परिषदेसाठी, तर दुसरे जागतिक प्रदर्शनासाठी. पाच वर्षांनी विज्ञान संशोधन संस्थेची कल्पना मांडताना जमशेटजींनी विवेकानंदांना पत्र लिहून या प्रवासाची आठवण करून दिली होती.

जपानमध्ये त्यांच्याशी वाटाघाटी करणारे शिबुसावा कोण?

या कराराला जपानी बाजूने बळ देणारी व्यक्ती म्हणजे शिबुसावा एइची. २०२४ मध्ये जपानने चलनात आणलेल्या दहा हजार येनच्या नव्या नोटेवर त्यांचेच चित्र आहे. जमशेटजींपेक्षा ते अवघ्या एका वर्षाने लहान. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा पुढे सरकारी अधिकारी, मग बँकर आणि शेकडो कंपन्यांचा आधारस्तंभ झाला. ओसाकाची ती मोठी सूतगिरणी त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली होती.

त्यांच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे, जी या कथेत महत्त्वाची ठरते. टोकियोच्या ‘इम्पिरियल हॉटेल’च्या संस्थापकांपैकी ते प्रमुख होते. हे हॉटेल नोव्हेंबर १८९० मध्ये उघडले. सुमारे ६० खोल्या, युरोपीय धाटणीची इमारत आणि वास्तुविशारद मात्र जपानी, वातानाबे युझुरू. राजधानीत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी दर्जेदार निवास हवा, ही सरकारचीही गरज होती. पाश्चात्त्य देशांशी झालेले असमान करार बदलून घ्यायचे होते. त्यासाठी जपान हा बरोबरीचा देश आहे हे पाहुण्यांना पहिल्या रात्रीपासून जाणवायला हवे होते.

त्या काळी जपानमध्ये प्रवाशाला कसा पाहुणचार मिळे?

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी माणसाला जपानभर मोकळेपणाने फिरता येत नसे. योकोहामा, कोबे यांसारख्या ठरावीक बंदरांत त्यांच्या वसाहती होत्या. त्याबाहेर जायचे तर अंतर्गत परवाना लागे. ही व्यवस्था १८९९ मध्ये संपली. त्यामुळे पाश्चात्त्य पद्धतीची हॉटेले या बंदरांत, टोकियोत आणि हाकोनेसारख्या थंड हवेच्या ठिकाणी एकवटली होती. हाकोनेच्या मियानोशिता येथील ‘फुजिया हॉटेल’ तर १८७८ पासून परदेशी पाहुण्यांना डोळ्यांसमोर ठेवून चालवले जात होते.

त्याच वेळी जपानी लोकांसाठी रिओकान, म्हणजे पारंपरिक निवासगृहे, शतकानुशतके सुरूच होती. पादत्राणे दाराशी काढायची, तातामीवर बसायचे, रात्री त्याच खोलीत गादी अंथरली जायची, ऊन पाण्याच्या झऱ्यावर स्नान आणि मग लहान-लहान भांड्यांतून क्रमाने येणारे जेवण. यजमानाने पाहुण्याची गरज त्याने सांगण्याआधी ओळखायची, हा या पाहुणचाराचा गाभा. आज ज्या अनुभवासाठी पर्यटक मोठी रक्कम मोजतात, तो तिथे देवदर्शनाला किंवा व्यापाराला निघालेल्या प्रवाशाचा रोजचा मुक्काम होता.

जपानने परक्यांसाठी नवी हॉटेले बांधली, पण स्वतःची पद्धत मोडली नाही. दोन्ही शेजारी-शेजारी टिकल्या. म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतर त्याच रिओकानना जगभरातून मागणी आली.

जहाजांच्या लढाईत कोण हरले?

मुंबईत परतल्यावर जमशेटजींनी ‘टाटा लाइन’ सुरू केली. ‘ॲनी बॅरो’ नावाचे इंग्रजी जहाज महिन्याला १,०५० पौंड भाड्याने घेतले, मग आणखी एक जहाज जोडले. त्यांनी दर १२-१३ रुपयांवर आणला.

पी अँड ओने उत्तर दिले ते दर दीड रुपयाच्या आसपास पाडून. नव्या जहाजांना माल न देणाऱ्यांना सवलती मिळू लागल्या. टाटांची जहाजे कापसासाठी योग्य नाहीत, अशी कुजबुज बाजारात पसरली. जमशेटजींनी सरकारकडे तक्रार केली. टपाल वाहतुकीसाठी या देशाच्या तिजोरीतून पैसे घेणारी कंपनी याच देशातील व्यापाऱ्याला बुडवते आहे, असा त्यांचा मुद्दा होता. सरकार हलले नाही.

निर्णायक घाव मात्र घरातूनच बसला. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्यांनी नव्या जहाजांना पाठिंबा दिला होता, ते दीड रुपयाच्या दराकडे वळले. दोन-तीन हंगाम तोटा सोसून एकत्र राहण्याची त्यांची तयारी नव्हती. जमशेटजींचे लाखावर रुपये बुडाले, भाड्याची जहाजे परत गेली आणि टाटा लाइन १८९५ पर्यंत संपली. त्यानंतर भाडे पुन्हा वाढले.

निप्पॉन कंपनी मात्र तगली. जपानी गिरण्यांनी स्वस्त दराचे आमिष नाकारून कापूस आपल्याच जहाजांतून आणला. सरकारही त्यांच्या पाठीशी राहिले. दूरच्या मार्गांवर जहाजे चालवणाऱ्या कंपन्यांना मदत देणारा कायदा जपानने १८९६ मध्ये केला. त्याच वर्षी जुन्या कंपन्यांनी निप्पॉनशी तडजोड करून तिला आपल्या गटात घेतले. एकच करार, एकच शत्रू, एकच मार्ग. तरी एक भागीदार बुडाला आणि दुसरा तरला.

याला आणखी एक कडवट बाजू आहे. स्वस्त भाड्याने पोहोचलेल्या भारतीय कापसावर जपानी गिरण्या वाढल्या आणि पुढच्या दोन दशकांत त्यांनी चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला मागे टाकले. ज्या मार्गासाठी जमशेटजींनी पदरमोड केली, त्याचा मोठा लाभ प्रतिस्पर्ध्याच्या वाट्याला गेला. कापसाचे व्यापारी म्हणून टाटांचा फायदा झाला; सुताचे उत्पादक म्हणून त्यांच्यापुढे नवे आव्हान उभे राहिले.

मग जपानकडून त्यांनी काय घेतले?

एक ठळक उदाहरण रेशमाचे आहे. जपानमधील रेशीम उद्योग पाहिल्यावर म्हैसूर संस्थानचे हवामान त्यासाठी योग्य असल्याचे त्यांच्या लक्षात आले. १८९६ च्या सुमारास संस्थानच्या मदतीने बंगळूरुत टाटा रेशीम फार्म सुरू झाले आणि तुतीची लागवड, अळ्यांची निगा व धागा काढणे शिकवण्यासाठी जपानी तज्ज्ञांना बोलावण्यात आले. म्हैसूर रेशमाच्या नव्या काळातील वाढीत या प्रयोगाचा वाटा मानला जातो.

दुसरी गोष्ट मोजता येत नाही, पण त्यांच्या पुढच्या सर्व कामांत दिसते. तंत्र कुठूनही आणावे. धनीपण मात्र आपल्याकडे ठेवावे. पोलाद, वीज आणि संशोधन संस्था या तिन्ही योजनांची आखणी याच विचाराने झाली. हॉटेलचीही.

ताजमहाल हॉटेल का बांधले?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. लोक शहर सोडून जाऊ लागले, व्यापार आटला, परदेशी जहाजे मुंबईच्या नावाने बिचकू लागली. शहराची पत घसरली होती. तेव्हा मुंबईत मोठी हॉटेले होती, पण जगभर फिरलेल्या प्रवाशाने वाखाणावे असे काही नव्हते. अशा वेळी जमशेटजींनी अपोलो बंदराजवळची भराव घातलेली जागा घेतली आणि १८९८ मध्ये बांधकामाला हात घातला.

हा पैसा कंपनीचा नव्हता, स्वतःचा होता. भागीदार किंवा भागधारक त्यात ओढले गेले नाहीत. जहाजांच्या लढाईत इतरांच्या साथीवर विसंबून जे झाले ते ताजे होते. घरच्यांनाही हा खटाटोप पटत नव्हता. पोलादाचा कारखाना आणि विज्ञान संस्था काढायला निघालेला माणूस मध्येच खाणावळ कसली काढतो, असे बहिणीला वाटल्याचे चरित्रांत नमूद आहे. हॉटेल चालवून नफा मिळवण्यापेक्षा परदेशी माणसाने मुंबईत उतरावे, थांबावे आणि या देशाकडे पाहावे, हा त्यांचा उद्देश होता.

इमारत कोणी उभारली?

मूळ आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुविशारदाचा, त्यांच्यासोबत डी. एन. मिर्झा होते. काम पूर्ण होण्याआधीच वैद्य यांचे निधन झाले आणि पुढची जबाबदारी डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पार पाडली. बांधकाम खानसाहेब सोराबजी रतनजी यांनी केले. आधाराच्या खांबांशिवाय तरंगतो आहे असे वाटणारा मधला जिना त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

सामानासाठी जमशेटजी स्वतः बाजारात फिरले. विजेची यंत्रे जर्मनीतून, पंखे अमेरिकेतून, पोलादी खांब पॅरिसहून आले. उद्वाहक, तुर्की पद्धतीची स्नानगृहे, स्वतःची धुलाई व्यवस्था अशा सोयी होत्या. घुमट, कमानी आणि नक्षीदार सज्जे मात्र भारतीय वळणाचे. आत पाश्चात्त्य सुखसोयी आणि बाहेर आपला चेहरा, असे हे मिश्रण होते. टोकियोच्या इम्पिरियल हॉटेलने बाहेरचा चेहराही युरोपीय ठेवला होता. पाहुण्याला सोय त्याच्या सवयीची द्यायची, पण तो कुठे आला आहे हे इमारतीने सांगायचे, ही ताजची वेगळी वाट होती.

१६ डिसेंबर १९०३ रोजी, काही काम बाकी असतानाच, १७ पाहुण्यांसह हॉटेल उघडले. साध्या खोलीचे भाडे १० रुपये, पंखा व स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या खोलीचे १३ रुपये होते. विजेच्या दिव्यांनी उजळलेली ही इमारत तेव्हा मुंबईकरांसाठी कुतूहलाचा विषय ठरली. गेटवे ऑफ इंडिया उभा राहायला अजून दोन दशके होती; त्यामुळे बंदरात शिरणाऱ्या प्रवाशाला शहराची पहिली ओळख पटे ती याच इमारतीने.

प्रचलित दंतकथांत किती तथ्य?

ताजबद्दल दोन कथा नेहमी सांगितल्या जातात. पहिली, वॉटसन हॉटेलमध्ये भारतीय म्हणून प्रवेश नाकारल्याने जमशेटजींनी सूड म्हणून ताज बांधले. या प्रसंगाला समकालीन पुरावा नाही आणि अनेक अभ्यासकांनी तो मान्य केलेला नाही. प्लेगनंतरच्या शहराची पत सावरण्याचे कारण अधिक ठोस आहे. दुसरी, आराखडा उलटा वाचला गेल्याने इमारतीची पाठ समुद्राकडे गेली आणि वास्तुविशारदाने जीव दिला. यातही तथ्य नाही. पूर्वी घोडागाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून प्रवेशद्वार तिकडे ठेवले होते. जिथे आता जलतरण तलाव आहे, ती बाजू तेव्हा पुढची होती. समुद्राकडची बाजू खोल्यांसाठी राखली गेली, म्हणजे वारा आणि समोरच्या किनाऱ्याचे दृश्य पाहुण्याला मिळाले.

अखेरची वर्षे कशी गेली?

हॉटेल उघडल्यानंतर पाच महिन्यांतच, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतील बाद नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवूड येथे त्यांचे दफन झाले. पोलाद कंपनी १९०७ मध्ये, बंगळूरुची विज्ञान संस्था १९०९ मध्ये आणि वीज कंपनी १९१० मध्ये स्थापन झाली. त्या वीज कंपनीचे पहिले केंद्र १९१५ मध्ये खोपोलीत, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातच, सुरू झाले आणि घाटावरच्या पाण्याने मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. मोठ्या योजनांपैकी त्यांच्या हयातीत पूर्ण झालेली एकच, ती म्हणजे ताज.

त्यांचे पुत्र सर दोराबजी आणि सर रतन यांनी जमवलेल्या कलावस्तूंमध्ये चिनी आणि जपानी वस्तूंचा मोठा भाग होता. हे संग्रह आज ताजपासून चालत जाण्याच्या अंतरावरील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. जपानला न जाता जपानी कला पाहायची, तर मुंबईकरांसाठी ही सर्वांत जवळची जागा. ताजमध्येही २००४ मध्ये शेफ मासाहारु मोरिमोतो यांच्या नावाने जपानी उपाहारगृह सुरू झाले.

आज त्या जलमार्गाचे काय झाले?

मुंबईच्या जुन्या गोद्यांतली मालाची गर्दी ओसरली. १९८९ मध्ये उरणजवळच्या न्हावा शेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि मालवाहतूक रायगडच्या किनाऱ्याकडे सरकली. ‘निप्पॉन युसेन’ने इतर दोन जपानी कंपन्यांसह कंटेनर वाहतूक एकत्र करून ‘ओशन नेटवर्क एक्स्प्रेस’ ही कंपनी स्थापन केली. २०१८ पासून ती कार्यरत आहे. न्हावा शेवाच्या रस्त्यांवर ट्रेलरवरून जाणारे भडक गुलाबी कंटेनर तिचेच. १८९३ च्या कराराचा तो सर्वांत ठळक आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित वारसा आहे.

शिवडीहून न्हावा शेवाकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, तोही जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जातून. पुलामुळे आणि मार्च २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा धावणाऱ्या रो-रो बोटीमुळे अलिबागच्या बाजूला आलिशान बंगले, व्हिला आणि रिसॉर्ट वाढत आहेत. इथल्या यजमानांसमोर आता तोच जुना प्रश्न आहे. पाहुण्याला त्याच्या शहरातलीच खोली समुद्रकिनारी आणून द्यायची, की तो अष्टागरात, नारळी-पोफळीच्या वाडीत, कोळीवाड्याशेजारी आला आहे हे त्याला कळू द्यायचे? रिओकानवाल्यांनी आपली पद्धत जपली आणि जग त्यांच्या दाराशी आले. जमशेटजींनी सोयी परदेशातून आणल्या, पण घुमट आपला ठेवला.

आणि जहाजांच्या लढाईचा धडा त्याहून साधा आहे. जपानी गिरण्या दीड रुपयाच्या दराला भुलल्या नाहीत, मुंबईचे व्यापारी भुलले. एकट्याच्या जिद्दीने एक उत्तम हॉटेल उभे राहू शकते, पण जहाजांची सेवा चालवायला बाजाराने सोबत राहावे लागते. जमशेटजींना या दोन्ही गोष्टींचा अनुभव एकाच दशकात आला.